मासा मरतो विषाणूने, पैसे जातात अँटिबायोटिकवर. पिंजऱ्यातल्या चिलापीच्या अंगात नेमकं काय घडतं?

पिंजऱ्यात चिलापीची बोटुकली सोडून तीन-चार आठवडे झालेले असतात. खाद्य नीट चाललेलं असतं, पाणीही बरं असतं. मग एके दिवशी टाकलेलं खाद्य तसंच तरंगत राहतं. दुसऱ्या दिवशी चार-पाच मासे काळवंडून, जाळीच्या कडेला पाण्याच्या वरच्या थरात सुस्त फिरताना दिसतात. आठवडाभरात रोजची मरतूक दहावरून शंभरावर जाते. मेलेल्या माशाच्या अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहिलेले, कुणाचा डोळा बाहेर आलेला तर कुणाचा पांढुरका झालेला. औषध दुकानदार मोबाइलवरचा फोटो बघून सांगतो, ‘इन्फेक्शन आहे, हे पाकीट खाद्यात मिसळा.’ पाकीट येतं, मग दुसरं येतं, आणि मरतूक चालूच राहते.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं असतं. त्या चट्ट्यांमधला नमुना तपासला तर एरोमोनास किंवा स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू बऱ्याचदा सापडतात. पण घर फोडणारा चोर वेगळा आणि उघडं दार बघून आत शिरणारा वेगळा. चिलापीच्या बाबतीत दार फोडणारा अनेकदा विषाणू असतो आणि त्याच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. हे समजून घ्यायचं तर माशाची प्रतिकारशक्ती कुठे असते आणि विषाणू तिचं काय करतो, हे आधी पाहावं लागेल.

इस्रायलच्या तळ्यातून निघालेला रोग

या विषाणूचं नाव ‘टिलापिया लेक व्हायरस’, थोडक्यात टिल्व. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवरात आणि आसपासच्या मत्स्यतळ्यांमध्ये २००९ पासून चिलापी मोठ्या संख्येने मरू लागली होती. कारण कळत नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हा नवा विषाणू वेगळा करून दाखवला. त्याच सुमाराला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्येही चिलापी मरत होती. तिथे माशांचं यकृत विचित्र झालेलं दिसलं होतं. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून त्यांचा एकच मोठा गोळा झालेला. पुढे कळलं, की दोन्हीकडचा गुन्हेगार एकच आहे. २०१७ मध्ये थायलंडमधून नोंद आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगभरातल्या चिलापी उत्पादकांसाठी इशारा काढला. भारतातली नोंद शास्त्रीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

थायलंडच्या मत्स्यपालकांनी या आजाराला ठेवलेलं नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. ते याला ‘एक महिन्याची मरतूक’ म्हणतात, कारण बीज नर्सरीतून नदीतल्या पिंजऱ्यात हलवल्यावर साधारण महिन्याभरात मासे मरू लागतात. तिथे काही पिंजऱ्यांत वीस टक्के मासे गेले, तर काहींत नव्वद टक्के. तोच विषाणू असूनही इतका फरक का पडतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी माशाच्या प्रतिकारशक्तीत आहे.

आपल्याकडे हा विषय उजनीच्या काठावर सर्वांत जवळचा. इंदापूर, करमाळा, दौंड भागातल्या माणसाला चिलापी ओळखून द्यावी लागत नाही. भिगवणच्या मासळी बाजारात ती रोज दिसते. जलाशयातली जंगली चिलापी ही मुळात आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि नंतर ठिकठिकाणच्या पाण्यात पसरली. पिंजऱ्यात आणि शेततळ्यात पाळतात ती गिफ्ट चिलापी मात्र वेगळी. ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू नव्हे. फिलिपिन्समध्ये १९८८ पासून पिढ्यानपिढ्या निवड करत तयार केलेल्या, लवकर वाढणाऱ्या वाणाचं ते नाव आहे. वाढ जोरात असली तरी टिल्वला ती बळी पडते. चिलापीच्या इतर जातींनाही हा विषाणू लागतो. सायप्रिनस मात्र थायलंडमधल्या प्रयोगात मुद्दाम विषाणू टोचूनही आजारी पडला नाही. त्यामुळे एकाच पाण्यात फक्त चिलापी मरत असेल आणि बाकीचे मासे ठणठणीत असतील, तर ती खूण महत्त्वाची.

माशाची किडनी हाच त्याचा कारखाना

माणसाच्या रक्तातल्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. माशाच्या हाडात असा मगज नसतो. त्याचं हे काम किडनी करते. मासा चिरला की पाठीच्या कण्याला चिकटून जी गडद लाल पट्टी दिसते आणि जी बाजारात साफ करणारी बाई अंगठ्याने खरवडून फेकते, ती किडनी. तिचा डोक्याकडचा भाग लघवी गाळायचं काम फारसं करतच नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनवतो, अँटिबॉडी बनवतो आणि ताण आल्यावरची संप्रेरकंही तिथूनच सुटतात. जोडीला प्लीहा असते, छोटी, काळपट लाल. रक्तातला कचरा आणि जंतू ती गाळून धरते. गळ्याजवळ कल्ल्यांच्या वर थायमस ही ग्रंथी असते. माशाच्या प्रतिकारशक्तीची मुख्य ठाणी ही एवढीच.

पण जंतूची गाठ सर्वांत आधी पडते ती चिकट थराशी. मासा हातातून निसटतो तो ज्या बुळबुळीतपणामुळे, तीच त्याची तटबंदी. त्या चिकट थरात जंतूंची भिंत विरघळवणारे पदार्थ असतात, अँटिबॉडीही असतात आणि थर सतत धुऊन जात नवा तयार होत असल्याने जंतूला चिकटून बसायला वेळ मिळत नाही. बोटुकली कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने हाताळली की हा थर पुसला जातो. वाहतुकीत, मोजणीत, प्रतवारीत नेमकं हेच घडतं.

तटबंदी ओलांडून विषाणू आत गेला की तो पेशीत शिरतो. विषाणूला स्वतःचा संसार नसतो, दुसऱ्याच्या पेशीत घुसून तिच्याच यंत्रावर तो स्वतःच्या प्रती छापतो. ज्या पेशीत तो घुसतो ती मरण्याआधी शेजारणींना ओरडून सांगते. ही आरोळी म्हणजे इंटरफेरॉन नावाचं रसायन. ते मिळताच शेजारच्या पेशी आपली दारं-खिडक्या बंद करतात, म्हणजे विषाणूची छपाई अडवणारी प्रथिनं तयार करायला लागतात. ही पहिली लढाई काही तासांत सुरू होते आणि बऱ्याचदा निकाल तिथेच लागतो. अनेक विषाणूंनी मात्र यावर तोडगा काढलेला असतो. इंटरफेरॉनचा निरोपच ते मध्येच दाबून टाकतात. आरोळी उशिरा पोहोचते, तोवर छपाई जोरात झालेली असते.

पहिली लढाई हरली तरी दुसरी फळी असते, अँटिबॉडीची. ती नेमक्या त्या विषाणूसाठी घडवावी लागते, त्यामुळे तिला वेळ लागतो. माशाला पुरेशा अँटिबॉडी बनवायला दोन ते चार आठवडे लागतात, थंड पाण्यात त्याहूनही जास्त. टिल्वची मोठी मरतूक बहुधा दोन आठवड्यांत उरकते. हिशोब सरळ आहे. कुमक पोहोचायच्या आत गड पडलेला असतो.

आता टिल्व नेमका कुठे जातो ते पाहा. यकृत, प्लीहा, किडनी, मेंदू, कल्ले, आतडी, सगळीकडे तो सापडतो. म्हणजे तो निव्वळ एखादा अवयव बिघडवत नाही. ज्या ठाण्यातून शिपाई निघायचे तीच ठाणी तो पेटवतो. यकृताच्या पेशी मरतात, त्या एकमेकींत मिसळून गोळे होतात. संरक्षणाला लागणारी बरीचशी प्रथिनं याच यकृतात तयार होत असतात. प्लीहा आणि किडनीत जळलेल्या पेशींचा कचरा उपसणाऱ्या काळ्या रंगाच्या पेशींचे पुंजके वाढतात, म्हणजे तिथल्या पेशी शिपाईगिरी सोडून साफसफाईत अडकलेल्या असतात.

कुक्कुटपालन करणाऱ्याला हे एका शब्दात कळेल: गंबोरो. गंबोरोचा विषाणू कोंबडीच्या पिलाची प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथीच बसवतो. त्यातून वाचलेल्या पिलाला पुढे साधा इ. कोलायही झेपत नाही आणि मानमोडीची लसही नीट लागू होत नाही. रोग वेगळा, अवयव वेगळा, पण डाव तोच.

याच मोकळ्या मैदानात एरोमोनास येतो. तो काही बाहेरून आणलेला नसतो. जलाशयाच्या पाण्यात, तळातल्या गाळात, माशाच्या आतड्यात तो बाराही महिने असतो आणि धडधाकट माशाचं काही बिघडवत नाही. टिल्व झालेल्या माशाला मात्र तो भारी पडतो. प्रयोगशाळेत चिलापीला नुसता टिल्व दिला, नुसता एरोमोनास दिला आणि दोन्ही मिळून दिले, तेव्हा दोन्ही मिळालेल्या टाक्यांत मरतूक सर्वांत जास्त झाली. शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसतात ते चट्टे बऱ्याचदा या दुसऱ्या पाहुण्याचे असतात.

मग पाकिटाने फरक पडला असं का वाटतं?

अँटिबायोटिक जिवाणूची भिंत तोडतं किंवा त्याचं प्रथिन बनवायचं यंत्र बंद पाडतं. विषाणूला ना भिंत, ना यंत्र. त्यामुळे औषध कितीही महाग असलं तरी टिल्वला ते लागूच होत नाही. तरीही पुष्कळ जण शपथेवर सांगतील, की औषध दिलं आणि मरतूक थांबली. ते खोटं बोलत नाहीत. टिल्वची मरतूक चढते, शिखराला जाते आणि मग आपोआप उतरते, कारण जे मासे बळी पडणार होते ते गेलेले असतात आणि उरलेल्यांच्या अंगात अँटिबॉडी तयार होऊ लागलेल्या असतात. पहिलं पाकीट चढाच्या वेळी दिलं जातं, ते ‘लागू पडत नाही’. तिसरं उताराच्या वेळी दिलं जातं, श्रेय त्याला मिळतं आणि पुढच्या वर्षी तेच पाकीट पहिल्या दिवसापासून मागितलं जातं.

त्यात आणखी एक व्यवहारातली गोम आहे. औषध खाद्यात मिसळलेलं असतं आणि आजारी मासा सर्वांत आधी खाद्यच सोडतो. म्हणजे औषध खातात ते बरे असलेले मासे. त्यांना त्याची गरज नसते. न खाल्लेलं औषध जाळीतून खाली जातं आणि जलाशयात मिसळतं, जिथून गावंच्या गावं पाणी पितात. वर अँटिबायोटिक सगळी निरुपद्रवी असतात असंही नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधामुळे सायप्रिनस जातीच्या माशांची अँटिबॉडी बनवण्याची क्षमता मंदावल्याचं १९८० च्या सुमारासच प्रयोगांत दिसलं होतं. विषाणूने आधीच अर्धी खच्ची केलेली फौज आपणच आणखी थोपवून धरायची, असा हा प्रकार.

याचा अर्थ अँटिबायोटिकला कधीच जागा नाही असा नव्हे. प्रयोगशाळेत जिवाणू कोणता ते कळलं, त्याला कोणतं औषध लागू पडतं ते तपासलं आणि मासे अजून खात असतील, तर तज्ज्ञाच्या सांगण्यानुसार दिलेलं औषध दुसऱ्या पाहुण्याला आवरू शकतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मात्र मत्स्यशेतीत वापरायला देशात बंदी आहे. ती कोणी सुचवली तरी घेऊ नयेत.

‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचं काय? यीस्टपासून मिळणारं बीटा-ग्लुकन आणि क जीवनसत्त्व यांचा माशांच्या पांढऱ्या पेशींना उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ते आधीपासून, चांगल्या खाद्यातून, मासा खात असताना दिलं तर. मरतूक सुरू झाल्यावर पाण्यात ओतलेली बाटली म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. बाटलीवर नेमका घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर तेवढ्या पैशात चार पोती चांगलं खाद्य घेतलेलं बरं.

ताण हा विषाणूचा सोबती

चिलापी थंड रक्ताची. तिच्या अंगाचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. माणसाला ताप येतो तेव्हा शरीर मुद्दाम गरम होऊन जंतूशी लढतं; माशाला ती सोय नाही. त्यामुळे माशाची प्रतिकारशक्ती ऋतूप्रमाणे जोर धरते आणि मंदावते. युरोपात सायप्रिनसला होणारा ‘स्प्रिंग व्हायरेमिया’ नावाचा विषाणूजन्य रोग थंडी सरताना, पाणी १० ते १७ अंशांच्या दरम्यान असताना उसळतो. विषाणू जागा झालेला असतो, माशाची अँटिबॉडी अजून झोपेत असते. पाणी तापलं की मासे सावरतात.

टिल्वचं उलट आहे. इस्रायलमध्ये तो उन्हाळ्याच्या महिन्यांत उसळतो. वास्तविक गरम पाण्यात चिलापीची प्रतिकारशक्ती चांगली चालते, पण विषाणूची छपाईही जोरात चालते. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. एप्रिल-मेमध्ये जलाशय खाली गेलेला, पाणी हिरवं झालेलं आणि पिंजऱ्यात मासे खच्चून भरलेले, अशी पहाट माशाला दम लावणारी असते.

दम लागला, धक्का बसला, गर्दी झाली की माशाच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. थोडा वेळ वाढलं तर ते पळून जायला मदत करतं. दिवसच्या दिवस वाढलेलं राहिलं तर पांढऱ्या पेशी कमी होतात, अँटिबॉडीचं काम थंडावतं. आणि हे कॉर्टिसोल सुटतं कुठून? त्याच किडनीच्या डोक्याकडच्या भागातून, जिथे शिपाई तयार होतात. एकाच इमारतीत भरती कार्यालय आणि भोंगा. भोंगा सतत वाजत राहिला तर भरती बंद पडते.

आता ती ‘एक महिन्याची मरतूक’ पुन्हा समोर ठेवली की कोडं सुटतं. बोटुकलीला आधी उपाशी ठेवतात, मग जाळ्यात धरतात, मोजतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रात्रभर गाडीतून आणतात आणि अनोळखी पाण्यात सोडतात. चिकट थर पुसलेला, कॉर्टिसोल चढलेलं, मासा कोवळा. त्यात बीज येतानाच थोडासा विषाणू घेऊन आलेलं असेल, किंवा पिंजऱ्याभोवती फिरणाऱ्या जंगली चिलापीकडून तो मिळाला, तर त्याला हवं ते सगळं एका जागी मिळतं. टिल्व आजारी माशाकडून पाण्यावाटे शेजारच्या माशाला लागतो आणि प्रजननाच्या माशांकडून अंड्यांपर्यंत पोहोचल्याचंही आढळलं आहे. म्हणून खरी लढाई पिंजऱ्यात नव्हे तर हॅचरीत असते.

पिंजरा घेताना लोक चार ठिकाणी भाव विचारतात. बीज घेताना मात्र प्रति नग पन्नास पैसे कमी सांगणारा जिंकतो. ‘टिल्वची पीसीआर तपासणी केली आहे का, त्याचा कागद दाखवा’ हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. गिफ्टच्या बीजासाठी केंद्राच्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची राजीव गांधी मत्स्यशेती संस्था विजयवाड्याजवळच्या केंद्रातून पैदास करते. परवानाधारक हॅचरीतलं बीज आणि कुठल्या तरी टेम्पोतून आलेलं ‘गिफ्टसारखंच’ बीज यातला फरक पहिल्या महिन्यात कळतो, तोही महागात.

बीज आल्यावर पिशव्या अर्धा तास पिंजऱ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखं होऊ द्यावं, पिशवीत थोडं थोडं पाणी मिसळावं, ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी सोडावं. पहिला महिना प्रतवारी, जाळी बदलणं, पिंजरे हलवणं टाळावं. नवं बीज जुन्या माशांच्या शेजारच्या पिंजऱ्यात सोडू नये. जाळं, टोपली, हातमोजे एका पिंजऱ्याचे दुसऱ्याला वापरण्याआधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावेत. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही, फक्त शिस्त लागते आणि ती कामाला ठेवलेल्या पोरांनाही लावावी लागते.

वाचलेला मासा आणि लस

टिल्वमधून वाचलेल्या चिलापीच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि तिला पुन्हा विषाणू दिला तर ती बहुतांशी तग धरते, असं थायलंडमधल्या संशोधकांना दिसलं. ही मोठी आशेची गोष्ट, कारण नैसर्गिकरीत्या संरक्षण तयार होतं म्हणजे लसीने ते करून घेता येण्यासारखं आहे. वाणामध्येही फरक आहे: गिफ्टमधल्या काही कुटुंबांतले मासे टिल्वला चांगले टिकतात आणि हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे निवडीने टिल्वला टिकणारं बीज तयार करता येईल. दोन्हींवर काम चालू आहे.

मात्र मासा वाचला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. काही काळ तो विषाणू अंगात बाळगून असू शकतो. मरतुकीतून उरलेले मासे ‘आता पक्के झाले’ म्हणून प्रजननासाठी वापरणं किंवा दुसऱ्याला विकणं म्हणजे रोग घरपोच देणं.

लसीने काय साधतं याचं उदाहरण नॉर्वेचं आहे. तिथल्या सालमन माशांना जिवाणूजन्य रोगांवर एकेक करून लस टोचायला सुरुवात झाल्यावर १९८७ मध्ये वर्षाला सुमारे ५० टन लागणारी अँटिबायोटिक पुढच्या काही वर्षांत दोन टनांच्या खाली आली, उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही. अर्थात सालमन महाग मासा. दहा-वीस ग्रॅमच्या चिलापीला एकेक करून सुई टोचणं परवडणारं नाही. म्हणून चिलापीसाठी खाद्यातून किंवा आंघोळीतून देता येईल अशा लसीचा शोध सुरू आहे.

एकट्याचा पिंजरा नसतो

टिल्व हा इन्फ्लुएंझाच्या विषाणूशी साम्य असलेला. सालमनमधला ‘आयएसए’ नावाचा विषाणूही त्याच गोतावळ्यातला. २००७ मध्ये चिलीत त्याची साथ आली. पिंजरे एकमेकांना लागून, मासे दाटीवाटीने भरलेले, अंगावर परजीवी उवांचा उपद्रव आणि एका मालकाकडे मरतूक झाली तरी शेजारी नवं बीज सोडतच राहिला. तीन वर्षांत तिथलं अटलांटिक सालमनचं उत्पादन एक तृतीयांशाच्या आसपास आलं, हजारोंचा रोजगार गेला. नंतर त्यांनी खाडीनुसार गट पाडले. गटातल्या सगळ्यांनी एकाच काळात बीज सोडायचं, एकाच काळात काढायचं आणि मग सगळ्यांनी मिळून काही महिने पिंजरे रिकामे ठेवायचे. यजमान मासाच नसला तर विषाणू फार काळ टिकत नाही.

जलाशयावरच्या आपल्या संस्थांना हे करणं अवघड नाही; पाणी सगळ्यांचं एकच आहे हे मच्छीमार सोसायट्यांना कुणी शिकवायला नको. अडतं ते मेलेल्या माशांवर. पहाटे मेलेले मासे गोळा करून पिंजऱ्याबाहेर पाण्यातच फेकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तो मासा पाण्यात विषाणू सोडत राहतो, बगळे-घारी त्याचे तुकडे दुसऱ्या पिंजऱ्यांवर नेऊन टाकतात. मेलेले मासे रोज काढून काठापासून लांब, खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. टिल्व माणसाला लागत नाही, त्यामुळे हात लावायला घाबरायचं कारण नाही; पण आजारी, चट्टे आलेला मासा बाजारात न्यायचा नाही, हेही तितकंच खरं.

विषाणूच आहे हे ओळखायचं कसं?

फक्त बघून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. पण अंदाज बांधता येतो. प्राणवायू कमी पडला तर मासे पहाटे तोंड वर करून हवा गिळतात, सगळ्या जातींचे मासे एकदम मरतात, मोठे आधी जातात आणि ऊन वर आलं की उरलेले सावरतात. शेतातलं कीटकनाशक वाहून आलं असेल तर काही तासांत सगळं संपतं, छोटी कोळंबी आणि किडेही मरतात. विषाणूची मरतूक रोज थोडी थोडी वाढत जाते, एकाच जातीत दिसते, लहान माशांत जास्त असते आणि दुपारीही थांबत नाही.

अशी शंका आली की त्या दिवसापासून खाद्य कमी करावं, माशांना हात लावू नये, पिंजऱ्यातून मासे कुठेही हलवू नयेत आणि नमुना पाठवावा. इथे बहुतेकांची चूक होते ती मेलेला, फुगलेला मासा पाठवण्यात. कुजलेल्या माशात विषाणू शोधणं कठीण जातं आणि जिवाणू तर वाटेल ते सापडतात. नमुना म्हणून अर्धमेले, अजून हालचाल करणारे पाच-सहा मासे, तेवढेच निरोगी दिसणारे मासे आणि स्वच्छ बाटलीत पिंजऱ्यातलं पाणी घ्यावं. मासे प्लॅस्टिक पिशवीत घालून बर्फात ठेवावेत आणि त्याच दिवशी पोहोचतील असं बघावं. निघण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून मासे जिवंत हवेत की बर्फातले, हे विचारलेलं बरं.

कळवायचं कुठे, तर पहिल्यांदा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयात. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीच्या शिरगाव इथे मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. माशांच्या रोगांवर देशभर नजर ठेवण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्यासाठी जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अॅप सुरू झालं. त्यावर शेतकऱ्याला फोटोसह मरतुकीची माहिती थेट पाठवता येते. माहिती भरताना बीज कोणत्या तारखेला, कुठून, किती आणलं, पहिला मासा कधी मेला, त्यानंतर रोज किती मेले, पाण्याचं तापमान किती आणि कोणतं औषध किती दिवस दिलं, हे लिहून ठेवलेलं असेल तर निदान करणाऱ्याचं निम्मं काम होतं. वहीत रोजची मरतूक लिहायला सुरुवात बीज सोडल्याच्या दिवसापासूनच करावी, मरतूक शून्य असली तरी.